मेजरसाहेबांसाठी वाचलेली पुस्तकं

युद्धाच्या इतिहासावरची किंवा विमानांवरची चांगली पुस्तकं कोणती, असं मला कुणी विचारलं की मी विषय बदलते. गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरची तन्वी विचारत आली. बारावीला आहे, सैन्यात अधिकारी व्हायचं म्हणून परीक्षेची तयारी करते, पहाटे पळायला जाते. "आजी, मुलाखतीत वाचनाबद्दल विचारतात. मम्मी म्हणाली, तुम्हाला यातलं लई माहितीये." मी म्हटलं, असेल कधीकाळी, आता विसरले. ती हिरमुसून गेली आणि मी दुपारभर स्वयंपाकघरातले डबे उगाच पुसत बसले. विसरलेलं काहीच नव्हतं. कोणत्या पुस्तकातला नकाशा लेखकानं स्वतःला सोयीचा काढलाय, कोणत्या वैमानिकाला ढगांबद्दल लिहिता येतं पण इंजिनाबद्दल येत नाही, कोणत्या सेनापतीनं आपल्या चुकीची दोन पानं गाळलीत, हे सगळं मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. का सांगवत नाही, तेवढं इथं लिहून ठेवते.

आम्ही छावणीत राहायचो. तेव्हा औरंगाबाद म्हणायचो. आता पाट्यांवर नवं नाव आहे, पण त्या दिवसांबद्दल बोलताना माझ्या तोंडात जुनंच येतं. परेडच्या मैदानामागं पत्र्याच्या छपराच्या खोल्यांची एक लांब ओळ होती, त्यात शेवटच्या दोन आमच्या. पहाटे बिगुल वाजला की माय चूल पेटवायची, आमच्या घरात वेगळं घड्याळ नव्हतं. दुपारी मुंबईहून येणारं विमान चिकलठाण्याला उतरायच्या आधी बरोबर आमच्या डोक्यावरून जायचं. पत्रा थरथरायचा आणि छपराची काजळी खाली परातीत पडायची. माय भाकरी थापायची थांबून परातीवर पदर धरायची आणि म्हणायची, "आलं मेलं." मी मात्र हातातलं टाकून बाहेर पळायचे. पोटाखालची चाकं बाहेर येताना दिसायची. ती नेमकी कुठं बाहेर येतात, हे मला अंगणातल्या लिंबाच्या झाडावरून सांगता यायचं. झाडाच्या अलीकडं आली तर वैमानिक घाईत आहे, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरंखोटं विचारायला कुणी नव्हतं.

आबा, म्हणजे माझे वडील, लष्करात आचारी होते. निवृत्त झाल्यावर छावणीतल्याच एका क्लबाच्या स्वयंपाकघरात लागले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, कपड्यांना कायम तळलेल्या कांद्याचा वास. क्लबात काही उरलं तर संध्याकाळी कागदात बांधून घरी यायचं: कटलेट, पावाची गोड पुडिंग, कधी उकडलेल्या गाजरांचे तुकडे. माय ते तोंडातसुद्धा घालायची नाही. ती ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा घेऊन बाजूला बसायची आणि आम्हा बापलेकीकडं संशयानं बघायची. मी भाकरीत कटलेट कुस्करून खायचे. आजही ती चव मला जगातली सगळ्यात मोठी चैन वाटते. आबा लढाईबद्दल कधी बोलत नसत. एकच गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही मायच्या हातातली डेगची गळायला लागली म्हणून. डोंगरावरच्या एका चौकीवर दोन दिवस जेवण पोचलं नव्हतं. वरून गोळे पडत होते. आबा खिचडीची डेगची पाठीवर बांधून उघड्या उतारावरून निघाले. वाटेत एक तुकडा लागला आणि डेगचीला भोक पडलं. त्यांनी खिशातल्या फडक्यातली भिजवलेली कणीक काढली, भोकात दाबली, वरून हात धरला आणि तशीच नेली. "सात जण जेवले," एवढं म्हणून त्यांनी आमच्या डेगचीच्या बुडाला कणीक लावली आणि विषय संपला.

मेजरसाहेब त्या क्लबाच्या समितीवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, बंगल्यात ते आणि बाईसाहेब दोघंच. डोळ्यांत काचबिंदू होता. समोर माणूस आहे हे कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचे, अक्षर मात्र अजिबात दिसायचं नाही. त्यांच्याकडं दोन भिंती भरून पुस्तकं होती, एका भिंतीला लढाया, दुसरीला विमानं. ज्याला ती वाचता येत नाहीत अशा माणसानं त्या खोलीत बसायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी लष्करातल्यांच्या मुलांसाठीच्या शाळेत शिकले होते, तिथं मिशनरी बाया शिकवायच्या, इंग्रजी बरं होतं. त्यांनी क्लबात आबांना सांगितलं, "तुझ्या मुलीला चार वाजता पाठवत जा. वाचायला." आबांनी पहिल्या दिवशी मला इस्त्रीचा परकर-पोलका घालून स्वतः नेलं, दारात उभं केलं आणि दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "साहेब, ही कुसुम." तेव्हा मी अकरावीला होते.

पहिल्याच पानावर त्यांनी मला थांबवलं. "तू शब्द वाचतेस. वाक्य वाच." आठ-दहा दिवसांत मला वाक्यं वाचता यायला लागली. महिन्याभरात लढाई दिसायला लागली. जेवणाच्या टेबलावर ते मला चादर पसरायला लावायचे. सुरकुत्या म्हणजे डोंगर, काड्यापेट्या म्हणजे रणगाडे, बडीशेपेची डबी म्हणजे तोफखाना. मी वाचायचे आणि ते बोटांनी चाचपत काड्यापेट्या पुढं सरकवायचे. पुस्तकात लिहिलेली लढाई टेबलावर बसली नाही तर पुस्तक खोटं. असं आम्ही एका फार गाजलेल्या पुस्तकाला पकडलं होतं. लेखकाची फौज एका दुपारी जितकी चालली तितकी चालायला तिला पंख हवे होते. मेजरसाहेब खदखदून हसले, म्हणाले, "कुसुम, तुला पुस्तक धरता येतं." माझ्या आयुष्यात मला कुणी दिलेली ती पहिली शाबासकी. ते वाईट मास्तर नव्हते, हे मला लिहिलंच पाहिजे. लिहायला जड जातं, पण नव्हते.

वाचता वाचता मी माझ्या कसोट्या बनवल्या. सेनापतीनं स्वतःवर लिहिलेलं पुस्तक असेल तर जिंकलेल्या लढाईत 'मी' किती आणि हरलेल्या लढाईत 'आम्ही' किती, ते बघायचं. वैमानिकानं लिहिलं असेल तर त्याला ज्यांनी जमिनीवरून वर पाठवलं त्यांची नावं त्याला आठवतात का, ते बघायचं. आणि एक कसोटी माझी स्वतःची होती. एका दुपारी एक मोठी चढाई वाचून झाल्यावर मी विचारलं, "साहेब, एवढी माणसं पंधरा दिवस चालली, तर जेवली काय? करून कुणी घातलं?" मेजरसाहेब हसून म्हणाले, "आचाऱ्याची पोर शोभतेस." पण पुढं म्हणाले, "लिहून ठेव हे." तिथून मी प्रत्येक पुस्तकावर टिपण लिहायला लागले. दोन-तीन पानं, मराठीत. पुस्तक कसं आहे, कुणी वाचावं, कुणी वाचू नये, आणि शेवटी: यात आचारी आहे का?

त्या टिपणांचं सदर झालं. शहरातल्या एका दैनिकाच्या रविवारच्या पानावर, 'तोफा आणि पंख' या नावानं, खाली मेजरसाहेबांचं नाव. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आबा क्लबातून तो कागद घडी घालून घेऊन आले, चुलीजवळ बसून बोट ठेवून ठेवून वाचायला लागले. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून एकेक सुटी होऊन बाहेर पडत होती. "लई भारी लिव्हलंय साहेबांनी," ते म्हणाले. मी म्हटलं, "आबा, हे मी लिहिलंय." त्यांनी कागद खाली ठेवला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा कागद उचलला. माय तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "मग हिचं नाव कुठंय?"

हेच मी दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांना विचारलं. ते चिडले नाहीत. समजावून सांगितलं. युद्धाबद्दल सांगणारा माणूस गणवेशातला लागतो, सतरा वर्षांच्या मुलीनं सांगितलेलं कोण ऐकणार? नाव त्यांचं, पण शिकायला तर मलाच मिळतंय. आणि बारावी झाल्यावर पुण्याच्या एका मोठ्या कॉलेजात, जिथं त्यांचे मित्र विश्वस्त होते, ते मला स्वतःच्या सहीचं शिफारसपत्र देतील. वसतिगृहासकट. "मग तू तुझ्या नावानं हवं ते लिही." बाईसाहेबांनी तेवढ्यात चहा पाठवला, त्यांचा आत, माझा व्हरांड्यात. क्लबात आबांच्या हातच्या कटलेटची तारीफ करणाऱ्या बाईसाहेब घरात माझा कप कायम व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवायच्या. मी तो चहा प्यायले आणि गप्प बसले. पुण्याचं कॉलेज मला हवं होतं.

सदर चाललं. लोक पत्रं पाठवायचे, औरंगपुऱ्यातल्या पुस्तकवाल्याकडं ती पुस्तकं मागायचे. ती पत्रं मीच मेजरसाहेबांना वाचून दाखवायचे आणि उत्तरंही मीच लिहायचे. लोकांना सगळ्यात जास्त आवडला तो आचाऱ्याचा प्रश्न. म्हणून एका टिपणात मी आबांची गोष्ट घातली, डेगचीची, कणकेची, जशीच्या तशी, आबांच्या नावासह. मेजरसाहेबांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "ही राहू दे. ही योग्य वेळी वापरू." मला वाटलं, त्यांना ती खरंच मोलाची वाटली.

ती वेळ लवकरच आली. सदराला वर्ष झालं म्हणून दैनिकानं औरंगपुऱ्यातल्या एका सभागृहात रविवारी सकाळी वाचकांचा मेळावा ठेवला. आबांना मुद्दाम बोलावणं होतं. त्यांनी क्लबातून सुट्टी काढली, निवृत्तीच्या वेळी शिवलेला बुशशर्ट मायकडून कांजी करून घेतला. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. मेजरसाहेब कागदाशिवाय बोलले. माझी टिपणं त्यांना ऐकून ऐकून पाठ झाली होती. 'मी' आणि 'आम्ही' मोजायची कसोटी सांगितली तेव्हा टाळ्या पडल्या. फौजेला पंख हवे होते, यावर सगळं सभागृह हसलं. माझे कान तापले होते. प्रत्येक टाळीला मला वाटत होतं की उठून उभं राहावं.

मग ते म्हणाले, "तुम्ही मला विचारता, की मेजर, तुम्ही प्रत्येक पुस्तकात आचारी का शोधता? कारण माझ्याकडं एक होता." आणि त्यांनी गोष्ट सांगितली. डोंगर तोच, खिचडी तीच. फक्त या गोष्टीत गोळ्याचा आवाज झाला आणि शूर आचाऱ्यानं भरली डेगची डोक्यावर पालथी घातली. तसाच रांगत चौकीवर पोचला. "जवानांना त्या दिवशी खिचडी मिळाली," मेजरसाहेब थांबले, लोकांना वाट बघायला लावली, "ती याच्या मिशांतली!" माणसं बाकांवर हात आपटून हसत होती. मेजरसाहेबांची अर्धीअधिक नोकरी सामानाच्या भांडारात गेली होती आणि त्या डोंगरावर ते कधीच नव्हते, हे त्या सभागृहात त्यांच्याखेरीज फक्त आम्हा बापलेकीला माहीत होतं. "आणि तो वीर आज इथं आलाय. उभा राहा रे!"

आबा उभे राहिले. चारी बाजूंना वळून हात जोडले. हसत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, खिचडीत मीठ बरोबर होतं का?" आबा म्हणाले, "व्हय साहेब, बरोबर हुतं." पुन्हा हशा. मग त्यांनी आपणहून, कुणी न सांगता, मिशीवरून हात फिरवला आणि बोटं झटकली, जसं काही शितं लागली होती. त्यावर तर टाळ्या पडल्या.

आम्ही गुलमंडीवरून चालत घरी निघालो. रविवारची गर्दी, कापडवाल्यांची हाकाटी. आबांनी एका दुकानातून मायसाठी चिवडा बांधून घेतला. मी म्हटलं, "आबा, तसं झालं नव्हतं." ते पुड्याची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "गोष्ट हाय ती. लोकं हसली. कुणाचं काय गेलं?" घरी गेल्यावर मायनं विचारलं, कसं झालं? म्हणाले, "साहेबांनी लई नाव काढलं माझं." मी मायला खरं सांगितलं नाही. आबा त्या दिवशी जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चारला मी बंगल्यावर गेले. मेजरसाहेब खुशीत होते, "काय, कसं झालं?" मी म्हटलं, छान झालं. आणि त्या आठवड्यात कॉलेजच्या मागच्या बाकावर बसून मी एक पुस्तक रचायला घेतलं. कुठल्याशा थंड मुलखातल्या एका छोट्या विमानतळावरचं, युद्धातलं. सांगणारा माणूस विमानं दुरुस्त करणारा. लेखकाचं नाव मी आमच्या शाळेतल्या दोन मिशनरी बायांची आडनावं जोडून केलं. रोज एक प्रकरण इंग्रजीत लिहायचे, वहीतली पानं बाईसाहेबांच्या बागकामाच्या एका जाडजूड पुस्तकात घालायचे आणि चार वाजता ते पुस्तक उघडून त्यातून वाचायचे. मेजरसाहेबांनी विचारलं, हे आपल्याकडं कुठून आलं? मी म्हटलं, विमानांच्या भिंतीला, खालच्या फळीवर, मागच्या रांगेत होतं. ते म्हणाले, "असेल, असेल."

नऊ दिवस मी ते वाचलं. त्यात त्या विमानतळावरचा एक आचारी होता. जी विमानं परत यायची नाहीत, त्यांतल्या माणसांची ताटं तो सकाळपर्यंत झाकून ठेवायचा आणि मग कुत्र्यांना घालायचा, दुसऱ्या कुणाला त्यातला घास खाऊ द्यायचा नाही. इथं मेजरसाहेबांनी रुमाल काढला. आठव्या दिवशी मी त्या आचाऱ्याला डोंगरावर पाठवलं. पाठीवर सुपाचं पातेलं, वरून गोळे, पातेल्याला भोक, खिशात भिजवलेली कणीक. मेजरसाहेबांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "वा! हा खरा सैनिक! अशी माणसं गोऱ्यांच्याच फौजेत होतात, बघ." मी वाट बघितली. त्यांना काहीही आठवलं नाही. वर्षापूर्वी नाही, दोनच महिन्यांपूर्वी मी हीच गोष्ट त्यांना याच खुर्चीत वाचून दाखवली होती. फक्त तेव्हा तिच्यात माझ्या बापाचं नाव होतं.

त्या पुस्तकावर त्यांनी माझं टिपण घेतलं नाही. सदर सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच ते म्हणाले, "मी सांगतो, तू उतरून घे." त्यांनी सांगितलं की युद्धावरचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचा. त्या आचाऱ्याला मी सलाम करतो, असं सांगितलं. आणि शेवटी, मी काहीही न विचारता, सांगितलं: "हे पुस्तक मी तरुण लेफ्टनंट असताना मेसच्या ग्रंथालयात पहिल्यांदा वाचलं आणि तेव्हापासून ते माझ्या उशाशी आहे." माझी लेखणी थांबली. तिथं मी सांगू शकले असते. "लिहिलंस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लिहिलं."

पुढचं घडायला फार वेळ लागला नाही. लोकांनी पुस्तक मागितलं. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकवाल्यानं मुंबईला, दिल्लीला पत्रं टाकली, मिळेना. मग हवाई दलातल्या एका निवृत्त अधिकाऱ्यानं दैनिकाला लांबलचक पत्र लिहिलं: या नावाचा लेखक नाही, हे पुस्तक नाही, लेखात सांगितलेला विमानतळही नाही; मेजरसाहेबांनी मेसच्या कोणत्या ग्रंथालयात हे वाचलं, ते कळवावं. संपादकांनी ते छापलं. एका पोरीनं फसवलं, असं सांगायची सोय मेजरसाहेबांना राहिली नव्हती. त्यांनी ते पुस्तक लेफ्टनंट असताना वाचलेलं होतं.

त्या दिवशी मी गेले तेव्हा ते दाराकडं तोंड करून बसले होते. "पुस्तक दे." मी ते बागकामाचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, मधलं पान उघडलं, त्यात बाईसाहेबांनी दाबून ठेवलेलं एक फूल होतं, त्याचा चुरा त्यांच्या बोटांना लागला.

"लिहिलं कुणी?"

"मी."

"सगळं?"

"सगळं."

"ती कणीक," ते म्हणाले आणि थांबले. त्यांचा चेहरा मी आजवर विसरू शकलेले नाही. अंधारात पायरी हुकलेल्या माणसाचा असतो तसा. "ती तुझ्या बापाची."

"हो."

मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील. माफी मागतील असं नव्हतं वाटलं, पण काहीतरी. ते म्हणाले, "त्याला उद्या क्लबात माझ्याकडं पाठव. तू येऊ नकोस."

आबा दुसऱ्या दिवशी दुपारीच घरी आले. हातात त्यांचा ॲप्रन आणि दोन सुऱ्या कागदात गुंडाळलेल्या, त्यांच्या स्वतःच्या होत्या त्या. मायनं विचारलं तेव्हा म्हणाले, समितीला नवा आचारी पाहिजे. मला काहीच विचारलं नाही. सदर बंद झालं. शिफारसपत्राचा विषयच संपला. मी इथंच एका कॉलेजात बी.ए. केलं आणि पुढं एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात चिकटले. तीस वर्षं लोकांच्या पत्रांवर शिक्के मारले. स्वतःच्या नावानं मी या पानांआधी एक ओळही छापायला दिलेली नाही.

आबांना पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावर एका धाब्यावर काम मिळालं. दिवसभर तंदूरपुढं उभं राहायचं. कटलेट, पुडिंग सगळं गेलं, डाळ आणि रोट्या राहिल्या. मी पदवीचा निकाल सांगायला तिथं गेले, तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. तीन वर्षं मनात ठेवलेलं मी त्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. पुस्तक कसं रचलं, मेजरसाहेब कसे फसले. त्यांच्याच तोंडून मी आबांना खरा सैनिक कसं म्हणवून घेतलं आणि ते छापूनसुद्धा आलं. मला वाटत होतं, आबांचा चेहरा उजळेल.

ते कणीक मळत होते. मळायचं थांबले नाहीत. "माझं नाव हुतं का त्यात?"

"नव्हतं."

"मग कुणाचं हुतं?"

"एका गोऱ्या माणसाचं. खोटंच."

त्यांनी मान हलवली. "त्या सभेत मी हसलो ना, तवा मला म्हाईत हुतं मी कशापायी हसतोय. तुला चिठ्ठी मिळणार हुती. पुण्याला जाणार हुतीस तू. तेवढ्यापायी मी आनखी धा सभांत हसलो असतो."

"तुम्ही मला सांगायचं होतं, आबा."

"तू इचारायचं हुतंस," ते म्हणाले. आवाज चढवून नाही. "माझ्या हसण्याचं मी बघून घेतलं असतं. तुला कुणी सांगितलं हुतं?"

बापाच्या अपमानासाठी मी हे केलं, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आले होते. त्या धाब्यावर उभी असताना मला सभागृहातली सकाळ पुन्हा आठवली, आणि हेही आठवलं की माझे कान तापले ते आबा उभे राहायच्या आधी. ते तापले माझ्या वाक्यांना दुसऱ्याच्या नावावर टाळ्या पडल्या तेव्हा. आबा उभे राहिले, हसले, मिशी झटकली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी बसून होते. उठून "हे खोटं आहे" असं म्हणणं माझ्या हातात होतं. मी म्हटलं नाही, कारण मलाही ती चिठ्ठी हवी होती. आणि मग चिठ्ठीही घालवली, आणि त्यांची चूलही.

आबांनी मला बाकावर बसायला सांगितलं. दोन गरम रोट्या, डाळ, कांदा, एक हिरवी मिरची, असं ताट आणून पुढं ठेवलं. ते शेजारी बसतील म्हणून मी सरकून जागा केली. ते बसले नाहीत. फडक्याला हात पुसत उभे राहिले आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला विचारतात तसं त्यांनी मला विचारलं, "आनखी काय लागंल?"